डब्यातली हाक

पंकजाला भुताची भीती कधीच नव्हती. भीती होती ती बंद दाराची. पुण्याला नोकरीला गेली तेव्हा खोलीतल्या बाकीच्या मुली दाराला आतून कडी लावायच्या, आणि हिला छातीवर कुणी पाटा आणून ठेवल्यासारखं व्हायचं. तिचा दोष नव्हता. शनीच्या शिंगणापूरपासून दीड-दोन किलोमीटरवर, उसाच्या पट्ट्यात तिच्या आई-वडिलांची वस्ती. घराला चौकट होती, दार नव्हतं. कुत्र्या-मांजरांसाठी खाली एक फळी आडवी लावलेली, संपलं. दर्शनाला आलेली माणसं वाट चुकून इकडं आली की चौकटीचे फोटो काढायची आणि विचारायची, "चोरी होत नाही?" तिची आई, छबूबाई, म्हणायची, "चोरायला हाय काय आमच्यात? आमी दोगं. न्या."

आता दारच नसेल तर आलेल्यानं वाजवायचं काय? म्हणून अंगणात उभं राहून हाक मारायची. आणि त्या घरात पंकजाच्या आज्याच्या वेळेपासून एक शिस्त होती. आलेल्यानं तीनदा हाक मारायची, आतल्यानं तिसऱ्या हाकेलाच ओ द्यायची. पहिल्या हाकेला नाही, दुसरीला तर नाहीच. जे माणूस नसतं ते एकदा हाक मारतं, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा मारायची त्याला मुभा नसते, असं आजा सांगायचा. कुणी दिली नव्हती मुभा, ते मात्र आजा सांगायचा नाही.

पंकजाचे वडील राधाकृष्ण, म्हणजे आण्णा, स्वतःच्या घरातसुद्धा तसेच यायचे. दिवेलागणीला रानातून आले की फावडं अंगणातल्या दगडाला टेकवायचे आणि हाक मारायचे, "हाय का घरात?" मग चहाचा एक घोट गिळून होईल एवढं थांबायचे. "हाय का घरात?" पुन्हा थांबायचे. तिसऱ्यांदा हाक आली की आतून आई म्हणायची, "हाय. या." मगच फळी ओलांडून आत पाऊल. बेचाळीस वर्षं दोघांनी एकमेकांचं नाव घेतलं नाही. संसारातलं प्रेमाचं बोलणं म्हणाल तर रोजचं एवढंच, आणि ते दोघांनाही पुरायचं.

पंकजा नगरला बी.एस्सी. करून आली तेव्हा या तीन हाकांची खूप टिंगल करायची. "आण्णा, भुताला गणित येतं का हो? तीनपर्यंत मोजता येत न्हाई त्याला?" आण्णा हसायचे आणि चौथ्यांदा हाक मारून दाखवायचे. पण टिंगल तोंडात असते, सवय हाडात. पुण्याच्या ऑफिसात कुणी "पंकजा" म्हटलं तरी ती मान वर करायची नाही. लोकांना वाटायचं, बाई आखडू आहे. राहुरीचा रॉबिन तिच्या हाताखाली लागला, त्यानं मात्र आठ दिवसांत ओळखलं. तो एका दमात म्हणायचा, "पंकजाताई पंकजाताई पंकजाताई," आणि मग कामाचं बोलायचा. फोनचंही तेच. घरचा फोन वाजला तर ती तिसऱ्यांदा वाजल्यावरच उचलायची. आण्णाही तसाच करायचे, लागोपाठ तीनदा. दोघांमध्ये तो न बोलता ठरलेला करार होता.

गेल्या वर्षी फाल्गुनात एका दुपारी ती मीटिंगमध्ये होती. फोन टेबलावर उताणा, आवाज बंद. चार वाजून बारा मिनिटांनी त्यावर 'आण्णा' उमटलं. तिनं पाहिलं. चार पंधराला पुन्हा उमटलं. तेही पाहिलं. तिच्या मनात आलं, महत्त्वाचं असेल तर तिसऱ्यांदा करतीलच.

तिसऱ्यांदा फोन आला नाही. पाच वाजता शेजारच्या रंगुबाईचा आला. आण्णा उसाच्या बांधावर पडलेले सापडले होते, हातात फोन तसाच.

ते दोन फोन आल्याचं पंकजानं कुणालाही सांगितलं नाही. आईला तर नाहीच. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. हिच्या मुठीत निखारा होता आणि ती मूठ उघडायची हिला हिंमत नव्हती. दहावं-तेरावं झालं आणि तिनं कंपनीला कळवलं, आता मी घरूनच काम करणार. आईला सोबत म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं. सोबत कुणाला कुणाची होती ते दोघींनाच माहीत.

पंकजाचं काम म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर तपासायचं. बारा वर्षं तिनं ते हातानं तपासलं होतं, एकेक बटण दाबून, घरोघर जाऊन शिरगणती केल्यासारखं. आता कंपनी नव्या पद्धतीवर गेली. प्रोग्रॅम लिहून झाला की त्याला एकामागून एक बंद डब्यांतून न्यायचं. एका डब्यात तो बांधायचा, दुसऱ्यात तपासायचा, तिसऱ्यातून गिऱ्हाइकाकडे. इंग्रजीत त्याला कंटेनर म्हणतात. प्रत्येक डबा कोरा करकरीत उघडतो. तुम्ही हातानं जे आत ठेवाल तेच आत असतं, बाहेरचा वारासुद्धा शिरत नाही. काम झालं की डबा मोडायचा.

चाळिशीला टेकलेल्या बाईनं हे शिकायचं कसं? रॉबिननं तिला सुरुवातीचं एक छोटं मॉड्यूल पाठवलं. म्हणाला, "ताई, हे बालवाडीचं पुस्तक समजा. यात एकच काम आहे. आपण नाव द्यायचं, ते डब्यात जातं, आणि डबा आपल्याला नमस्कार घालतो."

तिनं नाव दिलं. काळ्या पडद्यावर ओळी सरसरत गेल्या, आणि शेवटी उमटलं, 'नमस्कार, पंकजा'. त्या उघड्या घरात एकटं बसलेल्या पंकजाच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "नमस्कार."

आतून आई म्हणाली, "कोन आलं गं?"

"कोनी न्हाई आई. डबा बोलला." मग तिनं आईला सगळं समजावून सांगितलं, झाकणाच्या डब्याचं उदाहरण देऊन. आईनं लक्ष देऊन ऐकलं आणि एकच विचारलं, "म्हंजी आत जे हाय त्येच भाईर येतं? दुसरं काई न्हाई?"

"दुसरं काई न्हाई," पंकजा म्हणाली. हे वाक्य पुढं तिला फार जड गेलं.

नमस्कार जमला, आता पुढची पायरी. नाव नाही, एखादी फाईल डब्यात पाठवायची आणि परत बाहेर घ्यायची. लहानशी कुठलीही फाईल चालली असती. गायीचा फोटो चालला असता. पण पंकजाचा हात गेला तो एका तीन सेकंदांच्या आवाजाकडे. दोन वर्षांमागं दिवाळीत तिनं अंगणाचं मोबाईलवर चित्रण केलं होतं. त्यात आण्णांची हाक आली होती. तिनं मागचं-पुढचं कापून तेवढी एकच हाक ठेवली, कंपनीच्या ऑनलाइन साठ्यात टाकली आणि मॉड्यूलला तिचा पत्ता दिला. या पत्त्यावरून आण, डब्यात घाल, धड आहे का बघ, बाहेर दे, आणि काम झालं की वाजव. कशाला केलं म्हणून कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, लहान फाईल हवी होती. खोटं. बापाचा आवाज ऐकायचा होता, आणि नुसता ऐकायला बसायची लाज वाटत होती. कामाच्या निमित्तानं ऐकला की रडू येत नाही, असा तिचा हिशेब होता.

दिवेलागण होती. आई सुपात तांदूळ निवडत होती. पंकजानं एंटर दाबलं. ओळी सरकल्या, डबा उघडला, डबा मिटला, आणि घरात आवाज आला, "हाय का घरात?"

आईचा हात सुपातच राहिला. मान वर झाली नाही. ती थांबली, घोट गिळून होईल एवढं. मग आणखी थोडं. पुढं काही आलं नाही, तेव्हा तिनं पुन्हा तांदूळ निवडायला घेतले.

पंकजा ते तिथंच थांबवती तर बरं होतं. पण तिनं दिवसाचं शेवटचं काम म्हणून ते रोजचंच केलं. साडेसहा झाले की वरच्या बाणाचं बटण दाबायचं, म्हणजे कालचीच आज्ञा परत येते, आणि एंटर. हाक आली की लॅपटॉप तसाच उघडा ठेवून गायीच्या धारेला जायचं. त्या घरात कुलूप कशालाच नसायचं. कंपनीनं सक्तीनं घातलेलं लॅपटॉपचं कुलूपही ती उठताना कधी लावत नसे.

पंधराएक दिवसांनी रंगुबाईनं तिला विहिरीपाशी गाठलं. "पंके, तुझ्या आईचं काय चाललंय गं? सांजच्याला तोंड धुती, नीट पदर घेती आन् चौकटीपाशी बसून ऱ्हाती. कपं दोन मांडती. आन् जेवती का न्हाई? हाडं दिसाया लागली तिची."

दिवसभर दुसऱ्यांच्या चुका हुडकणाऱ्या बाईला आपल्याच घरातलं दिसू नये! त्या संध्याकाळी पंकजानं एंटर दाबलं आणि पडद्याकडे न बघता आईकडे बघितलं. हाक आली. आईचे ओठ विलगले. 'हा' एवढा ओठांवर आला होता. मग तिनं स्वतःच्या हातानं स्वतःचं तोंड दाबून धरलं, घट्ट, आणि डोळे मिटून पुढची हाक यायची वाट बघत बसली.

आपण काय करून ठेवलं ते पंकजाला तेव्हा समजलं. नवरा रोज अंगणात येत होता, रोज एकदाच हाक मारत होता, आणि बायकोला ओ देता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं ती फाईल साठ्यातून काढून टाकली. मोबाईलवरची दोन वर्षांमागची होती, तीही. राग आला की हिला मागचं-पुढचं दिसत नाही. संध्याकाळी खात्री करायला म्हणून तिनं मॉड्यूल चालवलं. आता लाल अक्षरात चूक दाखवेल, फाईल सापडली नाही म्हणेल, अशी तिची अपेक्षा होती.

"हाय का घरात?"

पत्ता दिला होता त्या जागी काही नव्हतं. तिनं पुन्हा जाऊन बघितलं, तिथं काहीच नव्हतं. डबा तर प्रत्येक वेळी कोरा. मग आत होतं कोण?

तिनं रॉबिनला फोन लावला. तो हसला. "ताई, घाबरलात होय? अहो, डबा मोडतो, पण त्याचं काम तो लक्षात ठेवतो. पत्ता तोच आहे म्हटल्यावर पुन्हा आणायला कशाला जाईल? पहिल्यांदा आणलेलंच काढून देतो. कॅश म्हणतात त्याला. पुसायची आज्ञा पाठवू का?"

"पाठव."

आज्ञा आली. तिनं ती टाइप केली. एका एंटरचं काम होतं. आणि आता जगात आण्णांचा आवाज तेवढ्या एका जागी उरला आहे, हे तिला तेव्हा उमगलं. बोट बटणावर होतं, पण दाबवेना. तिनं एकेक अक्षर मागं घेत ती आज्ञा खोडली आणि आईपाशी जाऊन बसली.

"आई, ते आण्णा न्हाईत. मी घातलेला आवाज हाय तो. यंत्र हाय."

"ठावं हाय मला. मी काय येडी हाय व्हय?" आई म्हणाली. "पर तूच म्हन्ली ना, आत जे हाय त्येच भाईर येतं. आन् आता तर तू काडून टाकलं, तरी आलं. मग हाय ना आत?"

पंकजाकडे उत्तर होतं, रॉबिननं नुकतंच दिलेलं. ते गिळून ती आईजवळ सरकली.

"रोज एकच हाक मारत्यात," आई म्हणाली. "एका हाकेला मी ओ कशी देऊ? ते काय मानूस न्हाईत का? तीनदा मारायला लाव त्यास्नी. मला एकदा 'या' म्हनू दे."

"आन् 'या' म्हटल्यावर?"

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. गेलेल्याला ओ दिली की तो एकटा परत जात नाही, हे त्या वस्तीवरचं शेंबडं पोरही सांगेल. पंकजा भुताला न भिणारी बाई, पण तिला भीती वाटली. आईचं मनगट तिच्या मुठीत आलं, ते एवढंसं झालं होतं.

"न्हाई," ती म्हणाली. "बास झालं आता. मी ते पुन्हा चालवनार न्हाई."

"बरं," आई म्हणाली. आई 'बरं' म्हणाली की ते बरं नसतं, हे पंकजाला एवढ्या वर्षांत ठाऊक असायला हवं होतं.

तीन दिवस हाक आली नाही. आईनं तोंड धुतलं नाही, पदर नीट केला नाही, भाकरीचा तुकडा मोडून तसाच ताटात ठेवला. चौथ्या दिवशी दिवेलागणीला पंकजा अंगणात गायीखाली बसली होती. दोन्ही हात सडांना, बादली गुडघ्यांत. उजेड अजून होता, उसाचे तुरे दिसत होते.

घरातून आवाज आला, "हाय का घरात?"

तिचे हात थांबले. आईनं बघून बघून ती दोन्ही बटणं पाठ केली होती तर. उठावं, धावत जावं, लॅपटॉप मिटावा. पण ती गायीखालीच बसून राहिली. घोट गिळून होईल एवढी शांतता गेली.

"हाय का घरात?" पुन्हा घरातूनच, तीच, तीन सेकंदांची.

दोन झाल्या. पंकजाला एकदम मीटिंगचं ते टेबल दिसलं, आणि उताणा पडलेला फोन. चार बारा. चार पंधरा. तिसरी हाक नको, असं तिनं कुणाला तरी विनवलं. आणि त्याच श्वासात, येऊ दे, असंही म्हणाली.

गायीनं कान टवकारले. मान वळवली, पण घराकडे नाही. बांधाकडून येणाऱ्या पायवाटेकडे. पंकजाच्या पाठीमागं दगडाला लोखंड टेकल्याचा आवाज झाला. तो आवाज तिनं कापून टाकला होता. तो कुठल्याच फाईलमध्ये नव्हता.

"हाय का घरात?"

पाठीमागून आली, जवळून. दमलेली हाक होती, रानातून चालत आलेल्या माणसाची.

घरातून आईची ओ यायला हवी होती. ती आली नाही. पंकजानं मागं वळून बघितलं नाही. तिच्या तोंडून निघालं, स्वतःलाही ओळखू न येणाऱ्या आवाजात, "हाय. हाय आण्णा. या."

वारा नव्हता. तिच्या उजव्या अंगाला कुणी जवळून गेल्यासारखं गार वाटलं, रानातल्या ओल्या मातीचा वास आला, आणि चौकटीची फळी एकदा हलली. गायीनं मान खाली घालून पुन्हा वैरणीत तोंड घातलं.

बादली तिथंच टाकून पंकजा आत पळाली. आई लॅपटॉपपुढं बसली होती, पदर नीट घेऊन. एक बोट बटणाच्या वर, हवेतच. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. पंकजानं आधी तिचं मनगट धरलं, नाडी बघितली. लागत होती.

"तिसऱ्याला माझा हात उचलंना," आई म्हणाली. "दोनदाच दाबलं मी. मग म्हटलं, नगं. ते मलाच बलावत्यात, हे कशावरनं? आन् तेवढ्यात तू ओ दिली." तिनं पंकजाच्या दुधाच्या हातांकडे पाहिलं. "तुजीच वाट बगत हुते गं ते. माजी न्हाई."

मग आई उठली, चुलीकडे गेली. दोन कप मांडले होते त्यांत तिसरा मांडला. त्या संध्याकाळी तिनं दीड भाकरी खाल्ली.

पंकजा पडद्यापुढं बसली. त्या मॉड्यूलची एक गोष्ट पक्की असते: ते जेवढ्या वेळा चालतं तेवढ्या नोंदी ठेवतं, एक कमी नाही, एक जास्त नाही. तिनं आजच्या नोंदी उघडल्या. सहा एकतीसची एक, आणि सहा बत्तीसची एक. खाली काही नव्हतं. तिनं तीनतीनदा बघितलं.

मग बऱ्याच महिन्यांनी तिनं फोन काढला आणि फाल्गुनातल्या त्या दुपारपर्यंत मागं गेली. आण्णा, चार बारा. आण्णा, चार पंधरा. लाल अक्षरांतल्या त्या दोन ओळी तिनं आजवर पुसल्या नव्हत्या, कुणाला दाखवल्याही नव्हत्या. आज तिनं तो फोन चुलीपाशी नेला आणि आईच्या हातात दिला. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं वाचून दाखवलं, आणि सांगितलं की मी बघितलं होतं, आई, दोन्ही वेळा बघितलं होतं, आणि उचलला नाही. मी तिसऱ्याची वाट बघत बसले.

आईनं फोन पालथा करून चुलीच्या कडेला ठेवला.

"दिलीस ना ओ आता," ती म्हणाली. "च्या घे. निवतोय."